‘या जेवायला’ म्हणण्याची रीत

घानातल्या कुमासीच्या दवाखान्यात दुपारची सुट्टी झाली. नर्स आफ्रियेने डबा पुढ्यात घेतला, पण कान मात्र समोरच्या बाकावरच्या ओपोकू नवराबायकोकडे लावले. म्हातारबुवांना तिनेच नुकतं काट्यावर उभं केलं होतं. तीन किलो जास्त!

“अहो, घरी मी वाटीने मोजून वाढते. मग हे तीन किलो आले कुठून?”

“मी काय सांगू, सेरवा? रोज संध्याकाळी तासभर चालतो.”

“कुठून चालता?”

“आपल्याच गल्लीतून. लोक अंगणात जेवत असतात. ‘या जेवायला’ म्हणतात.”

“म्हणणारच! आपल्याकडे वाटसरूलाही म्हणतात. त्यावर ‘चालू द्या तुमचं’ म्हणून पुढे जायचं असतं!”

“अन्नाला नाही म्हणू?”

“अख्ख्या कुमासीत हात धुऊन बसणारे तुम्ही एकटेच!”

“काल दोनच घरी बसलो. फुफूचे मऊ गोळे होते, शेंगदाण्याचं सूप होतं.”

“दोन घरी!”

“तिसरीकडे नुसतं चाखलं.”

“वजन उतरलं नाही तर इन्सुलिन सुरू, म्हणालेत डॉक्टर. रोज सुई टोचायची कुणी? मीच ना?”

“टोच. पण मी कुणाचं मन मोडणार नाही.”

आफ्रियेने झाकण उघडलं. सुपाचा वास बाकापर्यंत गेला. समोरच्याला ‘या’ म्हटल्याशिवाय तिने जन्मात घास घेतला नव्हता. ओपोकू डब्याकडे बघत उजवी बाही दुमडू लागले.

तिने झाकण लावलं आणि डबा उचलून ती आतल्या खोलीत गेली.

“बघितलंस, सेरवा? हल्लीच्या पोरींना काही रीतच राहिली नाही.”