हाताचा वास

नवागामला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका उभ्या होत्या.

"मालतीकाकू, यांच्या अंगाला रोज स्पिरिटचा वास यायचा."

"दारूच असेल गं, रंजना."

"मलाही तेच वाटलं. हे म्हणायचे, कामरेजच्या कारखान्यात आम्ही हातानं गिटार बनवतो, स्पिरिटमध्ये लाख विरघळवून पॉलिश घासतो."

"आणि तू लगेच विश्वास ठेवलास?"

"कुठला! आधी तोंडाचा वास घेतला, मग हाताचा. वास फक्त हाताला होता. बोटांना लाखही चिकटलेली."

"मग खरंच बोलत होता की! आता कसला संशय?"

"आठ दिवस झाले, काकू, बोटं स्वच्छ आहेत. हाताला साबणाचासुद्धा वास नाही. तरी डबा घेऊन हे रोज वेळेवर निघतात."