मेहुण्यांची सात सीटची गाडी

...आणि वर मलाच विचारतात, "दादा, गंज दिसतोय का हो?" अहो, दिसणार कुठून? मी गाडीखाली आडवा, पाठीला खडी टोचतेय, नाकावर ऑइलचा थेंब, आणि आमचे मेहुणे उकिडवे बसून बॅटरी मारतायत ती थेट माझ्या डोळ्यांत! म्हटलं, "गंज नाही, काजवे दिसतायत!" तर गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "हं... मग अजून एक बघू या."

अजून एक बघू या! तुम्हाला सांगतो, हे चार शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, इतक्यांदा ऐकलेत, की झोपेत कूस बदलताना मीच म्हणतो म्हणे!

आता मेहुणे कोण? तर माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दिवसभर काम काय, तर भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं की हे? ...बरं, आता हे की हे?" समोरचं गिऱ्हाईक बिचारं काहीतरी सांगून सुटतं हो! ह्यांना स्वतःला मात्र मोजे निवडायचे म्हटलं तरी दोन पायांत दोन घालून खिडकीपाशी उभे! आणि अशा माणसाच्या गळ्यात पडली गाडी.

पडली म्हणजे पडावीच लागली, कारण धाकटीचे दिवस भरत आलेले. घरात आधीच जुळ्या पोरी, मेहुण्यांच्या आई, आणि आमचे आप्पा. आप्पा म्हणजे आमचे, माझे नि धाकटीचे वडील, पण राहतात लेकीकडे. का? तर तिच्या घरामागे त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या! मी म्हटलं, आप्पा, माझ्याकडे गच्ची आहे की! तर म्हणाले, "तुझ्या गच्चीत माश्यांना करमायचं नाही." घ्या! तर येणारं बाळ धरून माणसं सात, म्हणजे गाडीला रांगा तीन. आणि बहर आला की आप्पांच्या पेट्या छोट्या ट्रेलरवर घालून फळबागेत न्यायच्या, म्हणजे गाडीला मागे हूक. फार नाही ओढायचं, थोडंच ओढायचं! आणि गाडी वापरलेली, पण वापरल्यासारखी वाटायला नको!

मग काय, निघाली वरात. पहिली पाहिली ती उत्तम. अगदी उत्तम! मेहुणे सगळ्या सीटांवर बसले, सगळी दारं आपटली, हॉर्न वाजवला... "आवाज जरा दुखावल्यासारखा येतोय, नाही?" हॉर्न दुखावलेला! अजून एक बघू या. दुसरीत तिसरी रांग एवढी चिंचोळी की तिथं बसलेल्या माणसानं श्वास घेतला तर पुढच्याच्या पाठीला कळावं. अजून एक! एकीत कुत्र्याचा वास. एकीत कसलाच वास नाही, तर हे म्हणतात, "वास का घालवला असेल?" अजून एक!

एकदा मात्र मी भडकलो. धाकटीसमोरच म्हटलं, "मेहुणे, लग्नाच्या वेळी कसं ठरवलंत हो?" तर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पोटावर हात, ती हसली नाही. म्हणाली, "दादा, चिडू नकोस. जुळ्यांच्या वेळी आमची गाडी चढावर बंद पडली होती ना, तेव्हापासून हे असेच." मला कुठं ठाऊक? भर पावसात चढावर गाडी मेली, आणि मेहुण्यांनी रस्त्यात आडवं पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा एक भाजीचा टेम्पो थांबला. कोबीच्या पोत्यांवर बसून गेली हो पोरगी हॉस्पिटलात! मेहुणे खाली मान घालून बसले होते. ती त्यांना म्हणाली, "अहो, तुम्हाला गाडी नकोय. तुम्हाला खात्री हवीय. ती कुठल्याच यार्डात मिळत नाही."

मेहुण्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग हळूच... "तरी पण, अजून एक बघू या."

तो 'अजून एक' म्हणजे गोगलवाल्याच्या यार्डातली. जुन्या गाड्या विकणारा माणूस, गोगल कायम कपाळावर, डोळ्यांवर कधीच नाही, आणि बोलणं असं की वाक्याला ब्रेकच नाही! "सर, फॅमिलीची गाडी, एका हाताची, डॉक्टरीणबाईंची, बाजारात जायच्या नि परत यायच्या, तिसऱ्या रांगेत मोठा माणूस आरामात, सर, आरामात!" मेहुण्यांनी डोळे बारीक केले. "मोठा माणूस? मग तुम्हीच बसा. आणि घरी चला. सगळी माणसं बसवून, ट्रेलर जोडून, चढावर नेऊन बघणार."

आलो घरी. जुळ्या शाळेत. आप्पांनी त्याच दिवशी बागेत न्यायच्या म्हणून पेट्यांची तोंडं पहाटेच जाळीनं बंद केलेली, त्या ट्रेलरवर दोरीनं आवळल्या, ट्रेलर हुकात अडकवला. पुढं मेहुणे आणि आप्पा. मधे धाकटी आणि विहीणबाई. विहीणबाईंना माश्यांची धास्ती, त्यांनी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत चादर गुंडाळलेली. आणि तिसऱ्या रांगेत? गोगलवाला आणि मी! गुडघे कानांना लागलेत, मागे पेट्या गुंऽऽ करतायत, आणि हा अजून म्हणतोय, "आरामात ना, सर? आरामात!"

चढ लागला. मेहुणे कान देऊन ऐकतायत. "क्लच जरा..."

"अहो," धाकटी म्हणाली.

"थांब गं, क्लच..."

"अहो!"

तुम्हाला सांगतो, त्या 'अहो'नंतर मेहुणे क्लच विसरले, गिअर विसरले, आम्हाला तर विसरलेच विसरले! गाडी अशी उचलली चढावर... विहीणबाई चादरीतून, "अरे, हळू!" आप्पा आरशात बघून, "अरे, माझ्या पेट्या!" आणि माझ्या शेजारून, "सर, यार्डाला कुलूप नाही हो! फाटक उघडं आहे, सर!" आणि धाकटीनं सीटच्या मागे हात घालून जे काही सापडलं ते घट्ट धरलं. काय सापडलं? माझा कान!

हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली. मेहुणे उतरले, तिला उतरवलं, मागून चादर, मागून आप्पा, सगळे आत! आणि आम्ही? मधली सीट दुमडल्याशिवाय आम्हाला बाहेर पडता येत नाही, आणि सीटचा खटका हलेना. "हा थोडा टाइट आहे, सर." मागचं दार उघडावं, तर ते उघडतं बाजूला, आणि तिथं ट्रेलर! वॉचमन आला. "ओ, अँब्युलन्सची जागा आहे, गाडी हलवा!" काचेतून ओरडलो, किल्ली आत गेलीय! तो तरातरा मागे गेला ट्रेलर ढकलायला, पेटीला कान लावला... आणि जो गेला तो पार कँटीनमध्ये!

बसलो. गोगलवाल्यानं पहिल्यांदा गोगल डोळ्यांवर घेतला. जरा वेळानं म्हणतो, "सर, बाईंचं नीट होईल ना?" बाजारातली भाषा गेली हो त्याची. म्हटलं, होईल. पण मीही सारखा त्या दाराकडे बघत होतो. तुम्हाला खोटं सांगत नाही, छातीत माश्यांपेक्षा जास्त गुणगुण चालली होती.

शेवटी मेहुणे आले. शर्ट एका बाजूनं बाहेर, चष्मा हातात, डोळे गळतायत. काचेला तोंड लावून म्हणाले, "दादा, मुलगी! दोघी छान आहेत!" आतून मी रडतोय, बाहेरून ते रडतायत, आणि मधे गोगलवाला, हळूच, "सर... मग गाडी कशी वाटली?"

मेहुणे गोंधळले. "कुठली गाडी?"

अहो, क्लच नाही, हॉर्न नाही, वास नाही, काही म्हणजे काही बघितलं नव्हतं त्या माणसानं! मग बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चढली." बस, एवढंच. घेतली गाडी! आप्पांनीही पेट्यांना कान लावून मंजुरी दिली, "माश्या चिडल्या नाहीत. गाडी चांगली आहे."

आता झालं ना सगळं? बाळ गुटगुटीत, धाकटी खुशीत. बहर सरला आणि पेट्या परत आणायला परवा सगळा लवाजमा निघाला. पुढं मेहुणे, आप्पा. मधे धाकटी, बाळाची सीट, विहीणबाई. मागे जुळ्या. झाले सात! मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा. मेहुण्यांनी काच खाली केली, म्हणाले, "दादा, तुम्ही स्कूटरवरून मागोमाग या हं. येताना हुकावर लक्ष ठेवा, गाडी जुनी आहे."

तर असं आहे. चेहऱ्याला जाळी बांधून, माश्यांच्या मागोमाग, ठेवतोय लक्ष... दुसरं करतो काय?