माडीपुढचं पायताण

ऐका. पण आधी पायताणं घाला पायात. हां, सगळ्यांनी. माझ्यापुढं कुणी पायताण काढून बसायचं न्हाई. का ते कळंल. काहिलीतली हळद शिजायला अजून लई वेळ हाय.

ओढ्यापलीकडं कावळ्याची पाणंद हाय, ठावं हाय न्हवं? दोन्ही अंगाला निवडुंग, मधनं एक बैलगाडी जाईल एवढी वाट. त्या वाटंनं मी गेलो हुतो. एकटा. रात्रीचा. वय असंल बावीस. शिदा म्हणायचे मला तवा, तात्या मागनं झालो.

कशाला गेलो हुतो? पोरगी पळवून न्यायला. हसा, हसा! हे तोंड काय कायम असंच हुतं व्हय?

आबासाहेबांची शालन. जात एकच बरं का, ओढूनताणून पावणंबी लागलो असतो. पण त्यांची दुमजली माडी आन् आमचं गवताचं छप्पर. माडीपुढनं जायचं झालं की आमच्यासारख्यांनी पायताण काढून हातात घ्यायचं. कुणी सांगायला लागायचं न्हाई. माझ्या बानं घेतलं, मी घेतलं. त्यांच्या खळ्यावर हळद वाळवायला जायचो, तर पाणी वरनं ओंजळीत घालायचे. एक दिवस शालननं तांब्याच हातात दिला. मी प्यालो. तिच्या आईनं बघितलं. तांब्या राखंनं घासला, घासला, आन् गोठ्यात ठेवून दिला. परत घरात घेतला न्हाई.

तिथनं आमचं सुरू झालं. वरीसभर चोरून बोलत हुतो. मग तिला बघायला मोठ्या घरचे पावणे यायला लागले. शालन म्हणाली, "उद्या पहाटं फाट्यावर जांभळीखाली उभी ऱ्हाते. पाचची पहिली एसटी. आन् शिदा, न्यायला येशील तवा पायताण पायात ठेव. हातात धरलेलं मला बघवत न्हाई."

मी म्हणालो, "ठेवतो की."

निजानीज झाल्यावर निघालो. नवं पायताण, करकर वाजतंय. पाणंदीत शिरलो, फाट्याची जवळची वाट तीच. चाललो, चाललो. आन् बघतो तर फुडं माडी! अहो, माडी गावात, मी गावाभाईर, आन् फुडं आबासाहेबांचा दरवाजा, कंदील लावलेला! पायताण कवा हातात आलं, मला कळलं न्हाई. खाली मान घालून फुडं गेलो. चाललो, चाललो. परत माडी!

चकवा! दुसरं काय? आईनं सांगितलेलं, चकवा लागला तर डावं पायताण उजव्या पायात घालायचं, उजवं डाव्यात. चकवा सुटतो. सोपं हाय न्हवं? वाकलो. पाय घालणार, तेवढ्यात माडीवरनं आबासाहेबांचा खोकला.

"कोण हाय रं?"

"मी जी. शिदा." पायताण छातीशी धरलं.

लांब जाऊन घालू म्हटलं. पण जाईल तिथं माडी. पाठ फिरवली, तिकडंबी माडी! दारात शालनची आई, हातात त्योच तांब्या. "पाणी पी." मी ओंजळ धरली. बाईनं तांब्या उपडा केला. थेंब न्हाई! मग शालन आली. जोत्यावर उभी. "घाल की पायताण. घाल की, शिदा. कोण बघतंय?" आन् हसायला लागली. माझी शालन तशी हसत न्हवती. हे भूत हाय, मला कळत हुतं. कळत हुतं, ऐका! पायताण हातात हाय, घातलं की सुटलो, तिकडं ती जांभळीखाली उभी हाय. पण हात हलंना.

शेवटाला आबासाहेब सोता पायऱ्या उतरले. हात जोडले. "या जावईबापू. आत या. पायताण असू द्या पायात."

जावईबापू! मनातल्या मनात किती वेळा ऐकलं हुतं मी ते. एक पाऊल टाकायचं हुतं फकस्त. पण आमच्या सात पिढ्यांत त्या दारातनं आत कोण गेलं न्हवतं. मी म्हणालो, "नको जी. मी हितंच बसतो." आन् बसलो. मातीत, दाराभाईर, रोजच्यासारखा.

कोंबडा आरवला. उजाडलं. माडी न्हाई, कंदील न्हाई. फुडं हातभरावर विहीर. बिनकठड्याची, काळ्या पाण्याची. आबासाहेब उभे हुते ना, तिथंच. लोक म्हणाले, शिदा, नशीबवान हाईस, वाचलास. व्हय. वाचलो.

शालन जांभळीखाली उभी हुती. पाचची गाडी गेली. सातची गेली. मग माडीवरचा गडी गेला आन् तिला घेऊन आला.

वैशाखात तिचं लगीन. हळद ह्याच काहिलीतली. पोचवायला मीच गेलो. डोक्यावर पाटी, एका हातात पायताण. शालन सोप्यात बसली हुती. चकव्याचं सांगावं म्हटलं, तर तिनं विचारलंच न्हाई. माझ्या हातातल्या पायताणाकडं बघितलं. लई वेळ बघितलं. आन् मोलकरणीला म्हणाली, "दमलाय त्यो. पाणी घाल त्याच्या ओंजळीत."

प्यालो. गार हुतं. काय वाटलं म्हणता? काय न्हाई. तवाबी काय वाटलं न्हाई, आताबी वाटत न्हाई.

तवा पोरांनो, रात्रीचं त्या पाणंदीनं जाऊ नका. विहीर अजून तशीच उघडी हाय. आन् पलीकडं कुणी वाट बघत असंल, जावंच लागलं, तर माडी दिसंल. दिसू दे. खोकला येईल, येऊ दे. तिथंच उभं ऱ्हाऊन पायताण घाला, मग चाला.

सदू, जाळ सार जरा, उकळी बसली बघ. आन् तुझं पायताण कुठाय? मघाशीच घाल म्हटलं न्हवं का?