तीन वेळा उसवलेली पँट

समुपदेशक : वहीत काल एक्क्याऐंशी लिहिलंय आणि काटा आज सत्त्याऐंशी दाखवतोय. काका, हे कसं?

शिंपी : उतरू का खाली? उभं राहिलं तरी दम लागतो.

समुपदेशक : बसा, बसा. पण हे सहा किलो आले कुठून?

शिंपी : वाढत होते. वहीत मी येऊ दिले नाहीत.

समुपदेशक : म्हणजे खोटे आकडे लिहिलेत?

शिंपी : मागच्या महिन्यात माझे दोन किलो उतरले, तेव्हा तुम्ही सगळ्या पेशंटना टाळ्या वाजवायला लावल्यात. अहो, चाळीस वर्षं मशीन चालवतोय. गिऱ्हाईक परत येतं ते बाही आखूड झाली म्हणून भांडायला. शाब्बास कुणी म्हटलं नव्हतं. मग वाढलेलं कुठल्या तोंडाने लिहू?

समुपदेशक : कधीपासून वाढतंय?

शिंपी : पंधरा दिवस. म्हटलं, मेली जीभच आवरत नाही. रात्रीचं जेवण सोडलं. तरी वाढतंच. मग सकाळचंही निम्मं केलं. सुनेच्या नकळत पँट तीन वेळा कंबरेत उसवली. आता सोडायला आत कापडच उरलं नाही.

समुपदेशक : पाय दाखवा बरं जरा. पायमोजे नाही घातलेत?

शिंपी : तेच तर. चढतच नाहीत हल्ली.

(ती त्याच्या घोट्यावर बोट दाबते. खळगा पडतो, तो भरून येत नाही.)

समुपदेशक : झोपता कसे?

शिंपी : खुर्चीत. आडवं झालं की जीव घुसमटतो.

समुपदेशक : काका, ही चरबी नाही. पाणी आहे. हृदय थकलं की अंगात पाणी साचतं. म्हणून तर रोज वजन लिहायचं होतं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं की फोन करा, म्हटलं होतं ना?

शिंपी : मला वाटलं, तो फोन हादडणाऱ्यांनी करायचा.

समुपदेशक : चुकलं माझं. टाळ्यांच्या नादात हे नीट समजावलंच नाही. थांबा, चाकाची खुर्ची मागवते. आजच ॲडमिट व्हायचंय. सुनेलाही कळवते.

शिंपी : बरा होईन ना?

समुपदेशक : उशीर झालाय, काका. फार उशीर झालाय. खोटं नाही सांगत.

शिंपी : परवा नातीचा वाढदिवस होता. टाचा उंच करून केकचा तुकडा तोंडाशी धरून उभी होती पोरगी. मी मान फिरवली. रडली हो.

समुपदेशक : काका...

शिंपी : तेवढा खाल्ला असता, तर चाललं असतं?

समुपदेशक : हो. चाललं असतं.