दोन कॉलेजांना पुरलेला शिरपती

लढाईचे दिवस, सकाळचे दहा, रहिमतपूरची चावडी. सांगली संस्थानातले प्राध्यापक आमच्या मुलखात विद्यार्थी न्यायला आले होते. साताऱ्याचे प्राध्यापक आधीच येऊन बसलेले. पट वाढला नाही तर दोघांचेही वर्ग बंद पडणार होते.

“नावं लिहून घ्यायचीत,” असं सांगलीकर म्हणताच पेन्शनर हवालदार आबांनी आपल्या मॅट्रिक झालेल्या पोराला, शिरपतीला, सदरा काढून उभं केलं.

“मोजा छाती, सायेब!”

“अहो आबा, ही कॉलेजची भरती!”

“व्हय? मग लिवा दोघंबी. गडी लय दांडगा हाय, दोन्हीकडं पुरंल!”

दोघांनीही लिहिलं. शिरपती त्याच आठवड्यात पलटणीत गेला. वर्षअखेर दोन्ही कॉलेजांच्या पटावर त्याची भरगच्च हजेरी मी स्वतः पाहिली. ती कोण लावत होतं, हे विचारलं की दोघंही प्राध्यापक अजून मला चहाच पाजतात.