राजनंदिनीला लाईट गेलेली बघायची होती

...आणि मी म्हणतो, लाईटला आत्ताच शहाणपण सुचायचं होतं व्हय? तुम्हाला सांगतो, आमच्या लासूर स्टेशनला ताटात भात पडला की लाईट गेलीच म्हणून समजा! आणि संभाजीनगरहून नात खास लाईट गेलेली बघायला आली, तर ही लाईटबया जागची हलंना!

आता लाईट गेलेली कशाला बघायची? तर तिचं एक चित्रांचं पुस्तक. त्यात लाईट जाते, मग आईबाप, आजोबा, लेकरं सगळी एका सतरंजीवर, भिंतीवर सावल्यांचे प्राणी, गोष्टी... पुस्तकात बरं जमतं हो! राजनंदिनी बापाला म्हणे, "पप्पा, आपली लाईट का नाही जात?" कशी जाईल? सोसायटीला जनरेटर! पण त्या पुस्तकापायी, दिवाळीलासुद्धा उभ्याउभ्या येऊन जाणारा आमचा सुदर्शन बायकोलेकरासकट मुक्कामाला आला. मला तर त्या पुस्तकाचे पाय धरावेसे वाटले. आमची ही गेल्यापासून या घरात माणसांचा आवाज म्हणजे टीव्हीतलाच.

शेवटी वायरमनला फोन लावला. "बाबा रे, तासभर लाईट घालव ना!" तो म्हणे, "काका, ऊन लागलं का तुम्हाला?"

आणि काल दिवेलागणीला... गेली! मी पळत गच्चीवर. सतरंजी, भाजलेल्या शेंगा, "या रे या!" आले, बसले. सूनबाई म्हणे, "बाबा, मच्छर लई आहेत हो." सुदर्शन म्हणे, "काय उकडतंय! दोन मिनिटं गाडीत एसी लावून बसतो." गेले की सगळे खाली! पुस्तकात बरं जमतं हो... चित्रातले मच्छर चावतात थोडेच?

वरून वाकून बघतो तर गाडीत मोबाईलची बॅटरी लावलेली, सुदर्शन हातानं सावलीचा ससा करतोय, आणि तिघं अशी हसताहेत, अशी हसताहेत... मला माझ्याच गच्चीवर परक्यासारखं झालं. एवढ्यात काच खाली झाली. "आजोबाऽऽ, या ना! तुमची गोष्ट राहिली!"

गुडघे विसरलो, जिना उतरलो, मागच्या सीटवर बसलो, लेकरू मांडीवर आलं, "एक होता..." एवढं म्हणालो, आणि अख्खी गल्ली ओरडली, "आलीऽऽऽ!"

पळाले सगळे! सुदर्शन मॅचला, सूनबाई चार्जरला, लेकरू कार्टूनला. गाडीत मी एकटा.

जन्मभर लाईट गेली म्हणून शिव्या घातल्या हो... काल पहिल्यांदा आली म्हणून घातली!