कालाचुची गल्लीतली गळती

तेबान : घरं एकेचाळीस, नळ एकोणसाठ, झडपा तीन, त्यातली एक गंजलेली. सगळे नळ बंद, तरी मीटरमधून मिनिटाला चौऱ्याण्णव लिटर जातंय, मॅडम.

मकाराएग : लिओनोरा मॅडम, मनिलाची पाणीसंस्था अजून नऊच दिवस तुमच्या हाती आहे. मग ती कंपनीची. आणि तुम्ही भर दुपारी तोंडो वस्तीच्या गल्लीत! मंत्रीसाहेबांनी पाठवलेली ही यादी घ्या. सही करा, मी निघतो.

लिओनोरा : ज्यात तेबानकाका आणि त्यांच्या पंधरा जणांपुढे ‘अनावश्यक’ लिहिलंय, तीच ना?

मकाराएग : काठी कानाला लावून गळती ऐकणारी माणसं! कंपनी यंत्रं आणतेय.

लिओनोरा : काल आणलं होतं की इथं. काय सापडलं, ॲटर्नी?

मकाराएग : गल्ली ठणठणीत आहे म्हणाले.

तेबान : सापडणार कसं? मधला तुकडा प्लॅस्टिकचा आहे, आवाज गिळतो. नकाशात मात्र सगळा पाइप लोखंडी. तुकडा मीच टाकला होता, कागदावर चढवायचा राहिला.

मकाराएग : म्हणजे चूक तुमचीच!

तेबान : माझीच. अशा पुष्कळ आहेत, साहेब. सगळ्या पाठ आहेत.

लिओनोरा : खासगीकरणाला मी नाही म्हटलेलं नाही. निम्म्या शहराला पाणी नाही, हे मीच लिहून दिलं. पण संस्थेचे कान कापून ती देणार नाही.

मकाराएग : मंत्रीसाहेब तुम्हाला उद्याच घरी बसवतील.

लिओनोरा : बसवू देत. आज खुर्ची माझी आहे. मीटर विसाच्या खाली आला, तर ही सोळा नावं कंपनीच्या करारात घालायची, कामावर कायम म्हणून. लिहा, तुमच्या हातानं.

मकाराएग : आणि नाही आला तर?

लिओनोरा : तर तुमच्या यादीवर सही करते, आणि त्यात सतरावं नाव माझं.

मकाराएग : ...लिहिलं. घ्या.

तेबान : आता गप्प बसा दोघंही. ओ कपितानाबाई, वस्तीच्या प्रमुख ना तुम्ही, तो जीपनीवाला थांबवा जरा, गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही! (काठी जमिनीला, कान काठीला.) हं. इथं, त्या तुकड्याच्या जोडावर. भिंतीपासून सव्वा हात. खणा रे.

(कुदळीचे घाव. मग पाण्याचा फवारा.)

मकाराएग : अहो, माझे बूट!

तेबान : मागं व्हा की! पाइपावर पट्टा आवळा, अजून. बस्स.

लिओनोरा : ॲटर्नी, मीटर तुम्हीच वाचा. मोठ्यानं.

मकाराएग : मिनिटाला... सात लिटर.